शून्य नोंदी

आमच्या गोवंडीच्या गल्लीत मी काय काम करते हे माझ्या आईला अजून नीट सांगता येत नाही. कोणी विचारलं की ती म्हणते, "कॉलेजात असते, कॉम्प्युटरवर पेपर शोधून देते." समोरची बाई लगेच विचारते, "परीक्षेचे?" मग आई घाबरते. "नाय गं बाई, तसले नाय."

ग्रंथालयात काम करणाऱ्यांच्या या दिवाळी अंकात मी लिहावं की नाही, मला कळत नव्हतं. इथे लिहिणाऱ्यांचं अर्धं आयुष्य पुस्तकांत गेलेलं असतं. मी अजून शिकतेच आहे. घाटकोपरला शारीरिक शिक्षणाचं एक कॉलेज आहे, तिथे 'कमवा आणि शिका' योजनेत लागले, पुढे तिथेच अर्धवेळ राहिले, आणि सोबत ग्रंथालयशास्त्राचा अभ्यास चालू आहे. आमच्या घरातून कॉलेजात गेलेली मी पहिलीच, त्यामुळे लिहिण्यात काही चुकलं तर सांभाळून घ्या. तरीही लिहिते, कारण एका वडिलांनी मला एक प्रश्न शोधायला दिला होता. त्यांची मुलगी गेली होती. ती वाचली असती का, एवढंच त्यांना हवं होतं. आणि शोधून देणं हे माझं काम आहे.

आधी काम काय ते सांगते. जगभर खेळांवर संशोधन होतं. गुडघ्याच्या दुखापतीपासून पंचांच्या मानसिक ताणापर्यंत कशावरही लेख निघतात. त्या लेखांच्या नोंदी ज्या मोठ्या साठ्यांत ठेवलेल्या असतात त्यांना डेटाबेस म्हणतात. लेखाचं नाव, लेखकाचं नाव, थोडक्यात सारांश आणि विषयाचे शब्द. कॉलेज वर्गणी भरतं म्हणून काही लेख पूर्ण उघडतात, बाकीच्यांच्या सारांशावर भागवावं लागतं. चौकटीत शब्द टाकायचे, खाली नोंदी येतात.

मुलांना वाटतं, जितके जास्त शब्द टाकू तितकं जास्त मिळेल. इथेच सगळे फसतात. किराणा आणताना 'साखर आणि पोहे आणि तेल' म्हटलं की पिशवी भरत जाते. डेटाबेसमध्ये प्रत्येक 'आणि'ला पिशवी रिकामी होत जाते, कारण ज्या लेखात तिन्ही शब्द आहेत तेवढेच लेख तो देतो. चौथा 'आणि' घातला की बहुतेक वेळा हाती काहीच लागत नाही. आमच्या ग्रंथपाल लोखंडे मॅडम नवीन मुलांना पहिल्याच दिवशी सांगतात, "शून्य आलं म्हणजे जगात काही नाही असं समजू नका. शून्य म्हणजे तुमच्या शब्दांना मिळालेलं उत्तर. शब्द बदला." मीही हेच सगळ्यांना सांगत आले.

गिऱ्हाइकं तऱ्हेतऱ्हेची येतात. एम.पी.एड.चा एक मुलगा प्रबंध जमा करायच्या आदल्या दिवशी आला. "ताई, पंचवीस संदर्भ काढून दे ना. कुठलेपण चालतील." विषय होता क्रिकेटपटूंची उडी. मी म्हटलं, बस, शोधायचं कसं ते शिकवते. पण त्याला वेळ नव्हता. स्वतःच शब्द टाकले, पहिले पंचवीस उचलले आणि गेला. तोंडी परीक्षेत बाहेरून आलेल्या परीक्षकांनी विचारलं, "तुमचा नववा संदर्भ रातकिड्यांच्या मागच्या पायांवर आहे. तो कुठल्या संघातून खेळतो?" इंग्रजीत रातकिड्याला काय म्हणतात हे त्याला तेव्हा कळलं. नंतर पेढे घेऊन आला आणि म्हणाला, "ताई, किड्याने वाचवलं. हसता हसता पास केलं त्यांनी."

मुलुंडहून एक वयस्कर मल्लखांब शिक्षक यायचे. मल्लखांबाने मुलांची उंची वाढते असं छापलेलं काहीतरी त्यांना हवं होतं. पालकसभेत दाखवायचं होतं. मी दोन-तीन वेळा शोधलं, वेगवेगळ्या पद्धतीने लिहून पाहिलं.

"सर, तसं काही मिळत नाही."

"नीट बघ. मी आयुष्यभर बघतोय, वाढते."

"मग तुम्ही बघितलंय ते लिहा ना, सर."

"मी लिहिलेलं कोण छापणार? आणि छापलंच, तर तू तेच शोधून मला देणार. मग कशाला एवढी यातायात?"

तेव्हा हसू आलं होतं. पण त्यांचं म्हणणं माझ्या डोक्यात राहिलं. आमच्या साठ्यांत फुटबॉलवर इतकं आहे की वाचून संपायचं नाही. मल्लखांब, खो-खो, कबड्डी, या आपल्या खेळांवर थोडंच आहे. ज्यावर कोणी लिहिलं नाही ते डेटाबेसच्या लेखी झालेलंच नसतं.

आता ऋतुजाबद्दल.

ती आमच्याकडे पहिल्या वर्षाला होती. घाटकोपरच्याच एका क्रीडा मंडळाकडून कबड्डी खेळायची, आणि ते मंडळ सराव आमच्या कॉलेजच्या मैदानावर करायचं. डावा कोपरा सांभाळायची. घोट्याला तिचा हात पडला की चढाई करणारी मुलगी परत जात नसे, असं सगळे म्हणायचे. ग्रंथालयात ती अभ्यासाला कमी आणि पंख्याखाली बसायला जास्त यायची. मला म्हणायची, "ताई, तुझं बरं आहे यार. बसून पगार." मी म्हणायचे, "ये माझ्या जागी, मी जाते मैदानात." ती माझ्या हडकुळ्या मनगटाकडे बघायची आणि म्हणायची, "तुला तर वारापण आउट करेल."

कुमारी गटात वजनाची मर्यादा असते. निवड चाचणीच्या दिवशी सकाळी काट्यावर उभं करतात. काटा मर्यादेच्या वर गेला की मुलगी बाहेर, वर्षभराचा सराव फुकट. म्हणून चाचणीच्या आधी मुली वजन उतरवतात. याला कोणी वाईट मानत नाही. पट्ट्या बांधणं, बुटांना खडू लावणं, तसंच हे एक. आधी जेवण तोडायचं, मग पाणी तोडायचं. अंगावर स्वेटर, त्यावर रेनकोट घालून उन्हात फेऱ्या मारायच्या. जुन्या मुली नव्यांना शिकवतात, कोच "किती राहिलं?" एवढंच विचारतात, आणि घरचे मदत करतात.

त्या आठवड्यात ऋतुजा ग्रंथालयात आली की सारखी बाहेरच्या बेसिनपाशी जायची. तोंडात चिंच धरून थुंकत असायची. लोखंडे मॅडम चिडल्या. "काय गं, तोंडात काय आहे? तंबाखू नाही ना धरलीस?" तिने आ करून दाखवलं. "चिंच आहे मॅडम." मॅडम म्हणाल्या, "मग गिळ की. बेसिन घाण करू नकोस." ती हसली आणि खाली मैदानात गेली.

चाचणीच्या दिवशी ती वजनाच्या रांगेत उभी असताना पडली. ऑक्टोबरचं ऊन होतं. रिक्षातून दवाखान्यात नेलं, तिथून मोठ्या दवाखान्यात. संध्याकाळपर्यंत ती गेली होती.

कॉलेजने तीन जणांची समिती नेमली. सराव आमच्या मैदानावर होता आणि कोच आमच्याकडे मानधनावर होते, म्हणून. समितीत घाडगे सर होते. त्यांच्याबद्दल मला कोणाच्या मनात चुकीचं काही यायला नको. रिक्षात ऋतुजाचं डोकं मांडीवर घेऊन बसले होते ते घाडगे सरच. त्यानंतर कितीतरी दिवस ते तासाला यायचे आणि फळ्याकडे बघत उभे राहायचे.

ते माझ्याकडे आले आणि एक चिठ्ठी दिली. चार शब्द होते. कबड्डी, वजन घटवणे, शरीरातलं पाणी कमी होणे, मृत्यू. "हे शोधून दे. समितीला लागणार आहे."

आमच्या टेबलाची एक रीत आहे. मागणाऱ्याचे शब्द आधी जसेच्या तसे टाकायचे आणि जे येईल ते पहिल्या कागदावर लिहायचं. मग आपल्या अकलेने शब्द बदलायचे आणि ते दुसऱ्या कागदावर, कुठे काय बदललं यासकट. मी चारही शब्द 'आणि'ने जोडून टाकले. इंग्रजीत, सगळ्या साठ्यांत. शून्य नोंदी.

मग मी 'कबड्डी' काढला आणि त्या जागी वजनी गटाचे दुसरे खेळ टाकले. कुस्ती, ज्युदो, बॉक्सिंग, घोड्यांच्या शर्यतीचे जॉकी. पडदा भरला. कित्येक देशांतल्या लोकांनी यावर लिहिलं होतं. पाणी तोडून, घाम काढून वजन उतरवलं तर शरीर तापतं, रक्त घट्ट होतं, मूत्रपिंडं आणि हृदय यांवर ताण येतो, हे वेगवेगळ्या शब्दांत परत परत होतं. कुठे तरुण कुस्तीगीर दगावले होते आणि त्यानंतर वजन घेण्याचे नियम बदलले होते. एका लेखात खेळाडू काय काय करतात त्याची जंत्री होती. प्लास्टिकचे कपडे घालून पळणं होतं, गरम खोलीत बसणं होतं, आणि त्यांच्या खाली लिहिलं होतं, थुंकणं.

मी मॅडमना बोलावलं. त्यांनी चष्मा लावून ती ओळ वाचली. मग उठून बेसिनपाशी गेल्या आणि नळ सोडून उभ्या राहिल्या. नळाखाली हात काही धरला नाही.

मी दोन्ही कागद घेऊन घाडगे सरांकडे गेले.

"कबड्डीचं काय आलं?"

"कबड्डीवर शून्य आहे सर, पण दुसरा कागद—"

"शून्य?"

"हो, पण कुस्तीवर भरपूर आहे. क्रिया तीच आहे, सर. शरीर तेच—"

"हे बघ बाळ," सर म्हणाले. त्यांचा आवाज दमलेला होता. "समितीला विचारलंय कबड्डीबद्दल. कुस्तीचं घातलं तर उद्या कोणीतरी म्हणेल, कुस्तीचा इथे काय संबंध. दोन्ही कागद फाइलला लाव. मी बघतो."

मी लावले. दुसरा कागद पुढे कुठे गेला मला माहीत नाही. अहवालात एक वाक्य आलं: 'ग्रंथालयामार्फत करण्यात आलेल्या शोधात कबड्डी खेळाडूंच्या बाबतीत अशा धोक्याची नोंद आढळून आली नाही.' त्यातला एक शब्दही खोटा नव्हता. म्हणूनच ते मी परत परत वाचत राहिले. कोचना समज देण्यात आली. ते दुसऱ्या मंडळाकडे गेले.

डिसेंबरात एक दिवस दुपारी एक गृहस्थ काउंटरपाशी येऊन उभे राहिले. कामाचा निळा शर्ट, खिशात टेस्टर. त्यांच्या हातात घडी घातलेले कागद होते.

"ग्रंथालय हेच ना? यात लिहिलंय ग्रंथालयाने शोधलं. कोणी शोधलं?"

मी म्हटलं, "मी."

त्यांनी माझ्याकडे वरपासून खालपर्यंत बघितलं. मला वाटलं, आता ओरडणार.

"तू? तू तर आमच्या ऋतूएवढीच आहेस," ते म्हणाले.

ते सकपाळ काका, ऋतुजाचे वडील. लिफ्ट दुरुस्तीच्या कंपनीत मेकॅनिक. आयटीआय केलेलं, इंग्रजी अक्षरं वाचता येत होती पण वाक्याचा अर्थ लागायचा नाही. मी त्यांना बसवलं. बाहेरच्या माणसाला आमचे वर्गणीचे लेख दाखवायचे तर ग्रंथपालांची परवानगी लागते. मी मॅडमकडे बघितलं. त्या म्हणाल्या, "ते बाहेरचे नाहीत. खुर्ची आत घे."

आधी मी त्यांच्यासमोर घाडगे सरांचे चार शब्द टाकून दाखवले. शून्य. मग शब्द बदलले. पडदा भरला तसे काका पुढे वाकले.

"हे एवढं होतं?"

"हो काका."

"मग यात आढळून आलं नाही का लिहिलंय?"

मी त्यांना आमचा नेहमीचा धडा सांगितला. सापडलं नाही म्हणजे नाही असं नसतं. काय विचारलं त्यावर असतं. काकांना पटकन समजलं. आमच्या विद्यार्थ्यांना समजत नाही इतकं पटकन.

"आमच्यात कसं असतं माहितीये का पोरी, सोसायटीवाले फोन करतात, लिफ्ट मध्येच अडकते. आपण जातो, दहा वेळा वरखाली करून बघतो, एकदापण अडकत नाय. मग रिपोर्टला लिहितो, दोष आढळला नाही. याचा अर्थ लिफ्ट चांगली आहे असा थोडाच होतो? आपण होतो तेव्हा अडकली नाय, एवढंच."

त्यानंतर ते दर गुरुवारी यायला लागले. गुरुवारी त्यांची सुट्टी. मी लेख उघडायचे आणि वाक्य वाक्य मराठीत सांगायचे. मला ते फार जमायचं असं नाही. डॉक्टरी शब्द अडायचे, मग फिजिओथेरपी शिकणाऱ्या मुलांना विचारून यायचे. काका मध्येच थांबवायचे. "हे कुठल्या देशातलं?" "पोरं केवढी होती?" "त्यांचे आईबाप होते तिथे?" शेवटच्या प्रश्नाचं उत्तर कुठल्याच लेखात नसायचं.

मला वाटत होतं, हे सगळं गोळा करून ते कॉलेजविरुद्ध काहीतरी करणार. मॅडमनाही तसंच वाटत होतं. एकदा त्या सरळ म्हणाल्याच, "सकपाळ, वकील बघितलात का? मी सही करून देईन, हे लेख आमच्याकडे आहेत म्हणून."

काकांनी मान हलवली. "वकिलाचं काम नाय मॅडम. मला माझ्यापुरतं बघायचंय."

माझ्यापुरतं म्हणजे काय ते फेब्रुवारीत कळलं. त्या गुरुवारी ते जेवायच्या सुट्टीनंतर आले. वाचनालय रिकामं होतं, मुलं शिबिराला गेली होती. मी लेख उघडायला लागले तर म्हणाले, "आज वाचू नको. आज एक शोधून दे."

"सांगा."

ते टेबलाच्या कडेवरून अंगठा फिरवत राहिले. मग बोलायला लागले.

"चाचणीच्या दिवशी मी सुट्टी टाकलेली. आदल्या दिवशी तिने मला सांगितलं, पप्पा, माठ वर फळीवर ठेव. मी मागितलं तरी पाणी देऊ नको. काय पण झालं तरी. मी म्हटलं, बरं. तिची आई नाय म्हणत होती, मीच बोललो, पोरगी एवढी मेहनत करतेय, तू मध्ये पडू नको. सकाळी उठली ती हसत होती. पप्पा, एक घोट? मी म्हटलं, हट, नाटकं करू नको. तीपण हसली. मग बूट घालताना परत बोलली, पप्पा, एक ग्लास दे ना. तेव्हा हसत नव्हती."

ते थांबले. अंगठा पुन्हा टेबलाच्या कडेवर फिरला.

"मी म्हटलं, राणी, आता दोन तास राहिलेत. काटा झाला की कळशीभर पी. तिने काय हट्ट केला नाय. बूट बांधले नि निघाली."

मॅडम मागे कपाटापाशी होत्या. त्यांचा हात पुस्तकावर तसाच राहिला.

"मला एवढंच बघून दे," काका म्हणाले. "तेव्हा एक ग्लास दिला असता तर. एक. ती राहिली असती का?"

इतक्या दिवसांत मला कोणी असा प्रश्न दिला नव्हता. आणि मला जे येतं तेच मी केलं. मी तो प्रश्न शब्दांत मोडला. पाणी, तोंडावाटे पाणी देणे, उष्माघात, किती वेळ आधी, वाचणे. शब्द बदलले. 'आणि' काढून 'किंवा' केलं. कुस्ती काढून लांब पल्ल्याचे धावपटू टाकले, लष्करातले शिकाऊ जवान टाकले, उन्हात काम करणारे मजूर टाकले. मॅडम माझ्या शेजारी येऊन बसल्या आणि त्यांनी दुसऱ्या कॉम्प्युटरवर वेगळा साठा उघडला. काका भिंतीकडच्या खुर्चीवर बसून होते. त्यांनी एकदाही विचारलं नाही, मिळालं का म्हणून.

पाणी प्यायल्याने काय होतं यावर खूप होतं. अंग तापलं तर आधी ते गार करा, असं होतं. तहान लागली की उशीर झालेला असतो असं काही जण म्हणत होते, काही जण नाही म्हणत होते. पण दोन तास आधी एक ग्लास पाणी मिळालं असतं तर एक विशिष्ट मुलगी वाचली असती का, असा लेख नव्हता. तो कुठून असणार? तसं पाहायचं तर काही मुलींना पाणी द्यावं लागेल आणि काहींना नाकारावं लागेल, आणि कोण राहतं ते बघावं लागेल. असा अभ्यास कोणी करत नाही. करता येत नाही.

खिडकीतलं ऊन टेबलावरून सरकून जमिनीवर गेलं तेव्हा मॅडमनी माझ्याकडे बघून हळूच मान हलवली. सांगायचं मलाच होतं. प्रश्न मला विचारला होता.

मला एक सोपी वाट दिसत होती. 'नाही काका, एका ग्लासाने काही झालं नसतं' असं म्हणायचं. त्यांनी ते घेतलं असतं आणि मी सांगतेय म्हणून खरंही मानलं असतं. पण हेच वाक्य कोणी कुठे सिद्ध केलेलं नव्हतं, आणि त्यांच्या हातात आधीच आमच्या ग्रंथालयाच्या नावाचं एक अर्धं वाक्य होतं. दुसरं द्यायला माझी जीभ वळेना.

मी त्यांच्यासमोर जाऊन बसले. "काका, आम्ही दोघींनी सगळीकडे बघितलं. असा अभ्यास कोणी केलेला नाही. एका ग्लासाने वाचली असती असं कुठे लिहिलेलं सापडलं नाही."

मला वाटलं होतं, त्यांना थोडं बरं वाटेल.

काका कितीतरी वेळ माझ्याकडे बघत राहिले. रागाने नाही. एखादा माणूस शिकवलेलं नीट आठवून बघतो तसे.

"सापडलं नाय म्हणजे नाय असं नसतं," ते म्हणाले. "तूच सांगितलंस ना?"

मी हो म्हटलं.

ते उठले. बाहेर पडताना त्यांनी पिशवीतून अहवालाची ती प्रत काढली. घड्यांवर फाटायला आली होती. "हे तुमच्याकडे राहू दे. घरात नको. तिची आई सारखी बाहेर काढून बघते, तिला वाचता पण येत नाय."

पुढच्या गुरुवारी ते आले नाहीत. त्याच्या पुढच्याही नाही. मी एकदा फोन केला तर म्हणाले, "येईन पोरी, काम जास्त आहे." आवाज चांगला होता. मग मी पुन्हा केला नाही. आपण दिलेलं उत्तर घेऊन एखादा माणूस कसा जगतोय हे आमच्या कामात कधी कळत नाही, पण त्यांच्याबद्दल मला रोज जाणून घ्यावंसं वाटतं.

प्रत माझ्या ड्रॉवरमध्ये होती. एक दिवस मॅडमनी ती मागून घेतली, उलटसुलट केली आणि म्हणाल्या, "ग्रंथालयात आलेल्या कागदाचं काय करायचं असतं?"

"नोंद करायची असते, मॅडम."

"मग?"

आमच्या कॉलेजचा स्वतःचा एक छोटा साठा आहे. मुलांचे प्रबंध, कॉलेजचे अहवाल, जुन्या स्मरणिका त्यात असतात. बाहेरूनही कोणी त्यात शोधू शकतं. मी अहवालाची प्रत स्कॅन केली. तिच्यामागे माझ्या दुसऱ्या कागदाची माझ्याकडे राहिलेली प्रत परिशिष्ट म्हणून लावली, कुस्तीच्या आणि बाकी सगळ्या लेखांच्या नोंदींसकट. मॅडमनी त्यावर सही केली. वर कोणी विचारलं तर मी बघते, म्हणाल्या. अजून कोणी विचारलेलं नाही.

नोंदीत विषयाच्या शब्दांसाठी एक रकाना असतो. पुढच्या माणसाला ही गोष्ट सापडायची की नाही ते त्या रकान्यावर ठरतं. मी मराठीत आणि इंग्रजीत शब्द भरले. कबड्डी. वजन घटवणे. शरीरातलं पाणी कमी होणे. चौथा शब्द लिहिताना थांबले. तो लिहिला की ती एक नोंद होणार होती, आणि माझ्या डोळ्यांपुढे ती पंख्याखाली बसून माझ्या मनगटाला हसत होती. मग तोही लिहिला.

नोंद चढायला थोडा वेळ लागतो. दुसऱ्या दिवशी सकाळी मी घाडगे सरांचे चारही शब्द त्याच क्रमाने, 'आणि'ने जोडून पुन्हा सगळ्या साठ्यांत टाकले.

एक नोंद सापडली.